दोरीवरचं रोप आणि बंद घर

आज समोर मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतली बी.ए.ची, एम.ए.ची, बी.एड.ची मुलं बसली आहेत. मागच्या रांगेत त्यांचे काही शिक्षकही दिसतायत. विषय दिलाय ‘संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राची मूलतत्त्वं’. या विषयाची पुस्तकं तुमच्याकडे आहेत, नोट्स तर पुस्तकांहून जास्त आहेत. त्यात जे आहे ते मी परत सांगत बसणार नाही. मला त्या पुस्तकांबद्दल आणि त्यांच्या साच्यातून निघणाऱ्या आपल्या प्रकल्प-अहवालांबद्दल जरा टीकेचं बोलायचंय. राग आला तर शेवटी बोला.

अहवालाचं तिसरं प्रकरण घ्या. तिथे एक वाक्य असतंच: ‘संशोधकाने यादृच्छिक पद्धतीने ६० प्रतिसादकांची निवड केली.’ बरं, यादृच्छिक म्हणजे नेमकं काय केलंत? असं विचारलं की प्रामाणिक मुलगा सांगतो, ‘सर, जे भेटले ते घेतले.’ आता जे भेटले ते घेणं आणि यादृच्छिक निवडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. यादृच्छिक निवडीला आधी सगळ्यांची यादी लागते, मग चिठ्ठ्या किंवा यादृच्छिक अंकांचा तक्ता लागतो, आणि चिठ्ठीत जो निघाला तो डोंगरापलीकडे राहत असला तरी त्याच्याकडे जावं लागतं. मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून जे थांबले त्यांना फॉर्म देणं ही सोय झाली. सोय करायला हरकत नाही, पण मग तिला सोय म्हणा. आणि पुढच्या प्रकरणात काय येतं? ‘७३.३३ टक्के.’ अहो, ६० माणसांत एक माणूस म्हणजेच पावणेदोन टक्के. एक माणूस इकडचा तिकडे झाला की तुमचे दोन्ही दशांश वाहून गेले!

पण माझी खरी तक्रार या दशांशांबद्दल नाही. पुस्तकात एक प्रकरण नमुन्याच्या प्रकारांचं असतं आणि लगेच पुढचं सूत्रांचं. मधली जागा कोरी. प्रत्यक्ष शिवारात किंवा वाडीत कोण गेलं, कुठल्या महिन्यात गेलं, आणि काठावरची गोष्ट समोर आली तेव्हा त्यानं काय ठरवलं, याबद्दल चकार शब्द नाही. निष्कर्ष चुकतो तो बहुतेक वेळा या कोऱ्या जागेत.

याचं एक मोठं उदाहरण भाताचं आणि गव्हाचं आहे. तुमच्यापैकी निम्म्या मुलांच्या घरी भात लागतो, आवणीला सुट्टी न घेता घेतलेली सुट्टी मला ठाऊक आहे. तेव्हा पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. निवडलेल्या शेतात यादृच्छिक ठिकाणी खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात, दोरीच्या आतलं पीक कापून, झोडून, वजन करतात. त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा ठरतो. पीकविम्यात तो उतारा उंबरठा उत्पादनापेक्षा खाली आला तर भरपाई, वर राहिला तर काही नाही. म्हणजे त्या दोरीच्या आत काय येतं याला पैशाची किंमत आहे.

आता दोरीवरच आलेल्या रोपाचं काय करायचं? ते आतलं की बाहेरचं? कापणारा माणूस लबाड नसतो. पण हातात विळा आहे, समोर भरलेली लोंबी आहे, मग ती आत ओढली जाते. दहातली सहा-सात आत जातात आणि तीन-चार बाहेर राहतात. एवढ्यानं काय होतं? तर हिशोब करा. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर त्याचा परीघ साडेबारा फूट आणि क्षेत्रफळही साडेबारा चौरस फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. तेच ३३ फुटांचा चौरस घेतला तर काठ १३२ फूट, क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. दर चौरस फुटामागे काठ जेमतेम दीड इंच. तुकडा लहान केला की काठ आठपट झाला, आणि काठावरचा मोह जर तोच असेल तर त्याचा परिणामही आठपट.

हा मुद्दा ज्यांनी ठासून मांडला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन आलेले. चाळीसच्या दशकात ते कृषी संशोधनाच्या संख्याशास्त्राचं काम पाहत होते. त्यांच्या समोर होते प्रशांतचंद्र महालनोबीस, ज्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली आणि १९३७पासून बंगालात तागाची नमुना पाहणी केली. महालनोबीसांचं म्हणणं, लहान तुकडे घ्या, स्वस्त पडतात, भरपूर ठिकाणी घेता येतात, आणि जितकी ठिकाणं जास्त तितका अंदाज स्थिर. सूत्राच्या दृष्टीनं हे बिनचूक आहे. सुखात्म्यांनी १९४६-४७मध्ये दाखवलं की छोट्या तुकड्यांतून येणारा उतारा सातत्यानं फुगलेला असतो. असे हजार तुकडे घेतले तरी फुगवटा तसाच राहतो, उलट आपण चुकीच्या आकड्याबद्दल जास्त ठाम होतो. योगायोगाची चूक नमुना वाढवला की घटते. एकाच बाजूला झुकलेली चूक, जिला आपण अभिनती म्हणतो, ती घटत नाही. हे वाक्य पुस्तकात असतं, पण एका ओळीत, परीक्षेला दोन गुणांसाठी.

आता यात कोण बरोबर? माझं मत असं की दोघांच्या डोळ्यांसमोरची माणसं वेगळी होती. महालनोबीसांकडे त्याच कामासाठी शिकवून तयार केलेले पूर्णवेळ अन्वेषक होते, ते दोरी नीट सांभाळतील असा त्यांचा भरवसा. सुखात्म्यांना काम महसूल आणि शेती खात्याच्या माणसांकडून करून घ्यायचं होतं, ज्यांच्या डोक्यावर इतर पन्नास कामं असतात. त्या माणसाच्या हातून कमीत कमी चूक होईल असं माप त्यांनी मागितलं. मला सुखात्म्यांची बाजू जवळची वाटते, कारण तुमचा प्रकल्प करणारा हात कुठला आहे? परीक्षा तोंडावर आलेली, शेवटची एस.टी. पकडायची, मोबाइलची बॅटरी वीस टक्क्यांवर. पद्धत त्या हाताला झेपेल अशी निवडा. मात्र महालनोबीसांकडूनही एक गोष्ट उचला. ते एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने काढून दोन वेगळ्या गटांकडे देत आणि उत्तरं ताडून पाहत. दोन मैत्रिणी मिळून प्रकल्प करत असाल तर यादी चिठ्ठ्या टाकून अर्धी अर्धी करा. दोघींची उत्तरं फार वेगळी आली तर फरक गावात नाही, विचारण्यात आहे. याला खर्च शून्य.

दोरीवरचं रोप शेतात दिसतं तरी. वाडीत ते दिसतही नाही.

आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की भट्टीमालकाची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, आणखी लांब. परततात पावसाच्या तोंडावर. पुष्कळदा पोरंही बरोबर जातात. आणि आपला प्रकल्प सादर करायचा असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पाहणी होते जानेवारीत. समजा, वाडीत ४० घरं आहेत आणि प्रत्येक घरात शाळेच्या वयाचं एक मूल आहे असं धरू. तुम्ही गेलात तेव्हा १२ घरांना कडी. उघड्या २८ घरांपैकी २१ घरांतलं मूल नियमित शाळेत जातं. तुम्ही लिहिता, ७५ टक्के. आता ती १२ मुलं सगळी शाळेत जाणारी धरली तर ४०पैकी ३३, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. एकही जात नाही धरलं तर ४०पैकी २१, म्हणजे साडेबावन्न. तुमचं खरं उत्तर आहे: साडेबावन्न ते साडेब्याऐंशीच्या मध्ये कुठेतरी. आणि गंमत बघा, सूत्राला विचाराल तर ते म्हणेल, तुम्ही वाडीतलं एकही घर वगळायचं ठरवलं नव्हतं, नमुना घेतलाच नाही, तेव्हा नमुन्यामुळे येणारी चूक शून्य! तीस टक्क्यांचं अंतर आणि सूत्र म्हणतंय शून्य.

त्यातून घर बंद असणं हा योगायोग नाही. ज्या कारणानं कडी लागली त्याच कारणानं मूल शाळेबाहेर गेलं. तेव्हा मधला आकडा धरून चालता येत नाही, खरं उत्तर खालच्या टोकाकडे असण्याचीच शक्यता जास्त. यावर काही जण उपाय करतात: बंद घर सोडून शेजारचं उघडं घर घ्यायचं, म्हणजे ४० भरतात. हा उपाय रोगाहून वाईट. भट्टीवर गेलेल्याच्या जागी न गेलेला बसवला आणि त्याच्या नावाची रिकामी ओळही पुसून टाकली.

आमच्या तत्त्वज्ञानात यावर फार जुना विचार आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं ज्ञान होतं. पण अट आहे: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. प्रकाश हवा, डोळे उघडे हवेत. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ‘या वाडीत शाळाबाह्य मुलं आढळली नाहीत’ असं वाक्य अहवालात लिहिताना एवढंच विचारा, ती असती तर जानेवारीत, सकाळी अकरा वाजता, तुम्हाला दिसली असती का? एम.ए.ला हे प्रकरण शिकताना ते वीटभट्टीच्या कामाला येईल असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जनगणनासुद्धा याच मोसमात पडते बरं का. २०११ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. भट्टीवरचं कुटुंब मोजलं गेलं तर भट्टीवर, वाडीच्या खात्यात नाही. तेव्हा वाडीचा तो आकडा म्हणजे फेब्रुवारीतली वाडी. ग्रंथालयात बसून दुय्यम आकडे घेणाऱ्यांनी आणखी एक सांभाळायचं. त्या जनगणनेतला ‘ठाणे जिल्हा’ एक कोटी दहा लाखांचा आहे, त्यात जव्हार-मोखाड्यापासून वसईपर्यंत सगळं आलं. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. २०११च्या ठाण्याची आजच्या ठाण्याशी सरळ तुलना केलीत तर दोन वेगळ्या वस्तू तोललात. शिवाय शहापूर-मुरबाड मिळून तेव्हा पाच लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. जिल्ह्याच्या सरासरीत आपण कुठे दिसणार? ती सरासरी ठाणे-कल्याण-नवी मुंबईची.

आता थोडं मोठ्या काठाबद्दल, म्हणजे दारिद्र्यरेषेबद्दल. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ आलं. त्यांनी रोजच्या २२५० कॅलरी ही किमान गरज धरली, १९६०-६१च्या भावानं ग्रामीण माणसाला महिना १५ रुपये खर्च धरला, आणि खेड्यातले सुमारे ४० टक्के, शहरातले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली आहेत असं मांडलं. सुखात्मे पुढे म्हणाले, एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक बदलते. सरासरीला रेषा मारलीत तर कितीतरी धडधाकट माणसं उपाशी ठरतील. रेषा खाली घ्या, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा. रेषा खाली गेली की भुकेल्यांची संख्या झपकन कमी झाली. दांडेकरांनी त्यावर कडक उत्तर दिलं.

काठाच्या मोहाबद्दल इतके दक्ष असलेले सुखात्मे इथे मला पटत नाहीत. सरासरीबद्दलचा त्यांचा आक्षेप बरोबर आहे. पण दोन विचलनं खाली रेषा ओढली की उपाशी नसलेल्याला उपाशी म्हणण्याची चूक जवळजवळ संपते आणि उपाशी असलेल्याला सुटू देण्याची चूक पुष्कळ वाढते. कमी खाऊन जगणारा माणूस जगतो, पण कामात किती मागे पडतो, मुलाची उंची किती खुंटते, हे त्या वजाबाकीत येत नाही. दोन चुकांपैकी कुठली अधिक जड, हे प्रमाण विचलन सांगत नाही, ते माणसानं ठरवायचं असतं. दांडेकर-रथांचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी दोरी कुठे ताणली ते आकड्यासकट सांगितलं, म्हणून भांडता तरी आलं.

तुमच्या अहवालातला ०.०५ हीसुद्धा अशीच दोरी. रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात ती सोयीची सीमा म्हणून वापरली आणि आपण तिची पूजा मांडली. ०.०४९ आलं की गृहीतक सिद्ध, ०.०५१ आलं की पाणी पडलं!

तेव्हा यंदाच्या अहवालात तिसऱ्या प्रकरणात चार ओळी वाढवा. यादी कुठून घेतली. कुठल्या तारखांना, किती वाजता गेलात. किती घरं बंद होती, आणि शेजाऱ्यांनी ती माणसं कुठे गेल्याचं सांगितलं. काठावरच्या बाबतीत काय नियम केला: आश्रमशाळेत राहणारं मूल घरचं धरलं की नाही, सासरी गेलेली पण बाळंतपणाला आलेली मुलगी मोजली की नाही. तक्त्यात शेवटी एक ओळ ‘बंद घरे’ ठेवा आणि टक्केवारी बंद घरांसकट दोन्ही टोकांनी काढा. मार्गदर्शक म्हणतील, अहवाल अपूर्ण दिसतो. मागे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती, त्या ओळीचे गुण कापू नका. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आत, त्या १२ घरांकडे पुन्हा एक चक्कर मारा, तेव्हा माणसं घरी असतात.

पाणी घेतो. मग प्रश्न.