कामाच्या जागेचे सौंदर्य कोणासाठी?

एखाद्या वास्तूविषयी लिहावयाचे म्हटले, की समीक्षक बहुधा तिच्या दर्शनी भागापाशी रेंगाळतो. चर्च किंवा राजवाडा यांच्या बाबतीत ते काही अंशी क्षम्य ठरेल. परंतु ज्या जागेत माणूस आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे दररोज आठ तास बसून काढतो, त्या कार्यालयाची पारख दारात उभे राहून करता येत नाही.

आपल्याकडील नेहमीचे चित्र असे: प्रवेशदालनात आरशासारखा घासलेला ग्रॅनाइट, साहेबांच्या खोलीत सागवानाचा पातळ पापुद्रा चढवलेले पॅनेल आणि आत, जेथे कारकून बसतात तेथे, कडा सुटू लागलेले लॅमिनेट व डोक्यावर फॉल्स सीलिंग. भारी दगड कोठे संपतो आणि स्वस्त फळी कोठे सुरू होते, ती रेषा पाहिली की त्या संस्थेत कोणाची किती किंमत आहे ते विचारावे लागत नाही. म्हणूनच साहित्याच्या निवडीत रुचीइतकाच न्यायाचाही प्रश्न गुंतलेला असतो, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने तीन देशांतील तीन ख्यातनाम कार्यालये आपण तपासून पाहू.

पहिले अमेरिकेतील. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावी, फरशीला लावावयाचे मेण तयार करणाऱ्या जॉन्सन कंपनीसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी उभारलेले हे कार्यालय १९३९ साली पुरे झाले. तेथील मोठ्या दालनात बारीक खांबांचे जणू रानच आहे. खांब तळाशी जेमतेम नऊ इंच रुंद आणि माथ्यावर साडेअठरा फुटांच्या कमलपत्रासारखा पसरलेला. तो भार पेलेल यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा १९३७ साली एक नमुना खांब उभारून तपासणी करण्यात आली. बारा टन पेलणे आवश्यक होते. त्याने साठ टन पेलले. या पानांच्या फटींतून, पायरेक्स काचेच्या नळ्यांमधून गाळून आलेला प्रकाश खाली उतरतो. विशेष हे, की हे वैभव संचालकांच्या खोलीसाठी राखून ठेवलेले नव्हते. ते टंकलेखकांच्या व कारकुनांच्या डोक्यावर पसरले होते. त्या काळाच्या मानाने हे औदार्य लहान नव्हे.

तरीही येथे आमचा एक आक्षेप आहे. राइट यांनी मेज आणि खुर्च्याही स्वतःच रेखाटल्या. खुर्ची तीन पायांची होती. दोन्ही पावले जमिनीवर टेकवून ताठ बसले नाही, तर ती कलंडत असे. पुढे तिला चौथा पाय द्यावा लागला. काचेच्या नळ्यांचे सांधेही गळत राहिले. गळती हा तांत्रिक दोष म्हणता येईल. खुर्चीचा दोष मात्र वृत्तीचा आहे. कसे बसावे हे बसणाऱ्याने ठरवावयाचे नाही, असे ती खुर्ची सांगते. राइट यांनी कामगाराला सौंदर्य दिले, पण त्याला विचारले नाही.

दुसरे कार्यालय नेदरलँड्समधील आपेलडोर्न या शहरातील. सेंट्राल बेहेअर या विमासंस्थेसाठी हर्मन हर्ट्झबर्गर यांनी सुमारे हजार कर्मचाऱ्यांकरिता बांधलेली ही इमारत १९७२ साली पुरी झाली. येथे साहित्य अगदी साधे: काँक्रीटचा सांगाडा आणि गिलावा न केलेले राखाडी काँक्रीटचे ठोकळे. नऊ मीटर बाजूचे चौकोनी मंच एकमेकांना जोडलेले, मध्ये वरून प्रकाश आणणाऱ्या मोकळ्या जागा. छायाचित्रात प्रथम पाहणाऱ्यास हे काम अर्धवट राहिले आहे, असेच वाटते. आणि ते जाणूनबुजूनच अर्धवट ठेवलेले आहे. कर्मचाऱ्यांनी आपापला कोपरा स्वतः सजवावा, ही वास्तुशिल्पीची अपेक्षा होती. त्यांनी झाडांच्या कुंड्या आणल्या, चित्रे लावली, घरच्या वस्तू मांडल्या. खडबडीत ठोकळा हा सारा संसार निमूटपणे सोसतो. घासलेला ग्रॅनाइट तो सोसत नाही. संगमरवरी भिंतीवर खिळा ठोकण्याची परवानगी कोण देणार? साहित्याची नम्रता म्हणजे काय, ते येथे कळते.

याचा अर्थ ओबडधोबडपणा हाच सद्गुण, असा कोणी घेऊ नये. उघडे काँक्रीट अनेकांना उदास वाटते, आणि मोकळ्या मंचांवर शेजाऱ्याचे बोलणे कानी पडतच राहते. एकविसाव्या शतकात त्या संस्थेने ही वास्तू सोडली. मात्र सजावटीचा शेवटचा हात कोणाचा असावा, हा तिने विचारलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

तिसरे कार्यालय आपल्या जवळचे. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या घराण्यात झाला. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे उमेदवारी. १९८० साली अहमदाबादेत त्यांनी स्वतःच्या कामासाठी ‘संगाथ’ उभारले. लांबट कमानदार छपरांखालचा बराच भाग जमिनीच्या पातळीखाली उतरवलेला आहे, जेणेकरून उन्हाळ्यातील चाळीस अंशांवरचा ताप आत कमी पोहोचावा. छपरावर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आवरण आहे. आपल्या गच्च्यांवर ज्याला चायना मोझेक म्हणतात, तेच हे. टाकाऊ तुकडे ऊन परतवतात आणि पावसाचे पाणी त्यांवरून ओघळून पन्हळींत उतरते. येथे शोभा आणि उपयोग यांची फारकत करताच येत नाही. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे: येथे मालक, रचनाकार आणि वापरणारा यांत मुख्य माणूस एकच होता. अशा ठिकाणी विवेक सोपा होतो. दुसऱ्याच्या नोकरांसाठी बांधताना तो टिकतो की नाही, ही खरी कसोटी.

दोशी यांना २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याकडे मोठा आनंद व्यक्त झाला. २०२३ साली ते निवर्तले. पण त्यांच्या कामाचा धडा आपल्या कचेऱ्यांत किती उतरला? अजूनही डोळ्याला चकाकणारे तेवढे निवडले जाते. त्वचेला, कानाला आणि फुप्फुसाला काय हवे याची चौकशी होत नाही. नव्या कचेरीत शिरताच जो उग्र दर्प येतो, त्याला आपण नवेपणाचा वास म्हणून कौतुकाने हुंगतो. तो पुष्कळदा रंगांचा आणि फळ्यांतील गोंदाचा असतो. पार्टिकल बोर्डसारख्या फळ्यांच्या गोंदातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. तो वायू पाहुणा क्षणभर हुंगतो, कारकून दिवसभर.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कार्यालयाच्या सजावटीस दाद देण्यापूर्वी परीक्षकाने स्वागतकक्ष ओलांडावा आणि सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या खुर्चीवर भर दुपारी तासभर बसावे. हाताखालची फळी कशी लागते, उजेड कोठून येतो, आवाज किती होतो, भिंतीवर मुलाचे चित्र लावण्यास मुभा आहे काय, हे तेथूनच पाहावे. त्या तासानंतरही जी वास्तू सुंदर वाटेल, तिची स्तुती करण्यास आम्ही आनंदाने पुढे येऊ.