‘सलाम बॉम्बे’ आणि दयेचे दोन प्रकार

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) ह्या बोलपटांतील, ५०० रुपये जमवून आईकडे परतूं पाहणारा कृष्णा सर्वांच्या लक्षांत राहतो. आम्हांस चिमुकल्या मंजूचा प्रसंग अधिक मार्मिक वाटतो. तिला आईपासून तोडून बालगृहांत नेणारीं माणसें दुष्ट नाहींत. दयाच तेथें सरकारी शिक्का घेऊन येते. अशा मुलांशेजारीं फुटपाथावर बसणारा स्वयंसेवक कथेंत कोठेंच नाहीं, ही उणीव खरी. पडद्यामागें मात्र तें काम घडलें: रस्त्यावरच्याच मुलांना शिकवून भूमिका दिल्या गेल्या, आणि चित्रपटाच्या उत्पन्नांतून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. कृष्णाची भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पुढें त्यानें बंगळुरांत रिक्षा चालविली. चित्रपटाची स्तुति करतांना एवढी हकीकत गाळूं नये, असें आमचें मत आहे.