जाळण्यासाठी घडवलेला राक्षस : दक्षिण कोकणातील भयरंजन आणि चाहत्याची दृष्टी

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने भय या भावाचा विचार प्रामुख्याने कथा-कादंबरीच्या अंगाने केला आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भय-गूढकथांची चर्चा झाली, चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’सारख्या कादंबरीतील अज्ञाताचे सावट अभ्यासले गेले. तथापि ज्या भयाला पाहून प्रेक्षक किंचाळतो आणि लगेच हसतो, ज्याचा राक्षस कापडाचा, पुठ्ठ्याचा वा रंगाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते, त्या भयरंजनाकडे ‘बालिश’ किंवा ‘भडक’ असा शिक्का मारून दुर्लक्ष करण्यात आले. अशा राक्षसावर प्रेम करणाऱ्या चाहत्याची दृष्टी समजून घेणे, त्या दृष्टीने दक्षिण कोकणातील, विशेषतः कुडाळ परिसरातील संकासूर, ट्रिकसीन आणि नरकासुर यांचे स्वरूप तपासणे आणि त्यांच्या जपणुकीच्या प्रश्नाची मांडणी करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. खोक्यातला राक्षस

खोट्या राक्षसावरील प्रेमाची सर्वाधिक बोलली गेलेली परंपरा अमेरिकेतील आहे. १९५७ मध्ये युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेच्या जुन्या भयपटांचा संच तेथील दूरचित्रवाणी केंद्रांना उपलब्ध झाला. १९३१ मधील ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाईन’ या चित्रपटांनी एके काळी प्रौढांना घाबरवले होते. तेच आता रात्री उशिरा घरोघरी मुले पाहू लागली. पंचवीस वर्षांत भयाची धार बोथट झाली होती, पण जॅक पीअर्स यांच्या रंगभूषेचे कौशल्य डोळ्यांत भरू लागले होते. १९५८ मध्ये फॉरेस्ट ॲकरमन यांच्या संपादनाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक सुरू झाले आणि राक्षस कसा घडवला जातो, हा मुलांच्या कुतूहलाचा विषय बनला. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑरोरा या कंपनीने याच राक्षसांचे प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले.

या संचांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. ते तयार खेळणे नव्हते. खोक्यात सुटे भाग असत. ते डिंकाने जोडायचे, रंगवायचे आणि मग राक्षस उभा राहायचा. म्हणजे मुलाच्या हाती आलेली वस्तू राक्षस नव्हती. राक्षस घडवण्याची संधी होती. पुढे हीच मुले मोठी झाली, संग्राहक बनली आणि मूल्याची कसोटी उलटी झाली. ज्या संचाचे खोके कधी उघडलेच गेले नाही, तो सर्वांत मौल्यवान ठरू लागला. न उघडलेल्या खोक्यात सर्व काही सुरक्षित राहते. ज्या आनंदासाठी ते खोके तयार झाले, तो आनंद मात्र त्यात नसतो. चाहत्याच्या उत्साहाची ही दोन रूपे, घडवणारे आणि जपणारे, पुढील विवेचनात महत्त्वाची ठरतील.

सुझन सोंटॅग यांनी १९६४ मधील ‘नोट्स ऑन कॅम्प’ या निबंधात कृत्रिमतेवर आणि अतिशयोक्तीवर प्रेम करणाऱ्या अभिरुचीचे विश्लेषण केले. अशी अभिरुची कलाकृतीतील खोटेपणा ओळखूनही तिची टर उडवत नाही. त्या खोटेपणात गुंतलेल्या उत्कटतेचा आस्वाद घेते. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) आज पुन्हा पाहणारा प्रेक्षक याच वृत्तीने पाहतो. मात्र सोंटॅग यांच्या विवेचनातील रसिक हा बहुधा महानगरी आणि काहीसा अलिप्त आहे. देवळासमोरच्या मांडवात कुटुंबासह रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकाला ती संकल्पना जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यासाठी भारतीय रसविचाराकडे वळणे आवश्यक आहे.

२. विकृती : एक बीज, दोन रस

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्य रसाच्या विभावांमध्ये विकृत वेष आणि विकृत अलंकार यांची गणना केली आहे. त्याच अध्यायात भयानक रसाच्या विभावांमध्ये विकृत ध्वनी आणि भुताखेतांचे दर्शन यांचा उल्लेख येतो. म्हणजे ‘विकृती’, नेहमीच्या रूपापासून ढळणे, हे दोन्ही रसांचे समान बीज आहे. समोरचे ढळलेले रूप आपल्याला इजा करू शकेल असे वाटले की भय उपजते. ते निरुपद्रवी आहे असे कळले की हसू फुटते. या दोहोंच्या मधल्या क्षणी, जेव्हा शरीर मागे सरते आणि मन मात्र निर्धास्त असते, तेव्हा जो अनुभव येतो त्यास येथे ‘भयरंजन’ म्हटले आहे. खेळण्यातल्या राक्षसाचा चाहता हा याच क्षणाचा चाहता असतो. त्यामुळे ‘या राक्षसाची भीती वाटत नाही’ हा त्या कलेवरील आक्षेप ठरू शकत नाही.

३. संकासूर आणि ट्रिकसीन

दक्षिण कोकणातील दशावतारात हा क्षण नाटकाच्या आरंभीच योजलेला आहे. गणपती, ऋद्धी-सिद्धी आणि सरस्वती यांच्यानंतर आडदशावतारात ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासूर येतो. तो काळ्या पोशाखात आणि काळ्या मुखवट्याआड असतो. त्याच्या प्रवेशाने पुढे बसलेली मुले मागे सरकतात, कोणी आईच्या पदराआड लपते. पण संकासूर बोलू लागतो तो मालवणीत. देव प्रमाण मराठीत, पल्लेदार भाषेत बोलतात. राक्षस घरची भाषा बोलतो. तो गावच्या कारभाऱ्यांना टोमणे मारतो, चालू घडामोडींवर शेरे मारतो. ज्याला पाहून मूल घाबरले, त्याच्याच तोंडून त्याला आजीचे शब्द ऐकू येतात. विष्णूकडून संकासुराचा वध व्हायचा असतो हे सर्वांना ठाऊक असते. तरीही तो अजून थोडा वेळ रंगमंचावर राहावा, असे प्रेक्षकांना मनापासून वाटते. रत्नागिरीकडील शिमग्याच्या खेळ्यांत हाच संकासूर मुलांच्या मागे धावतो आणि मुले त्याच्यापासून पळून पुन्हा त्याच्याच मागे लागतात. हे पळणे आणि परतणे हा चाहतेपणाचा पहिला धडा म्हणता येईल.

दशावताराची मांडणी मुळात उघडी आहे. एखादे बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत; संवाद लिखित नसून नट ते प्रसंगी रचतात; स्त्रीपार्टी पुरुषच करतो. बनावट लपवण्याचा आटापिटा येथे नाही. गेल्या काही दशकांत लोकप्रिय झालेल्या ‘ट्रिकसीनयुक्त’ नाट्यप्रयोगांकडे म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहणे आवश्यक आहे. धूर, रंगीत प्रकाशझोत, अचानक अवतरणारे अक्राळविक्राळ मुखवटे, सरपटणारे अजस्र नाग यांमुळे पारंपरिक साधेपणा लोपला, अशी तक्रार अभ्यासक करतात. तीत तथ्य आहे; यंत्राची करामत वाढली की नटाच्या वाणीला आणि पेटी-पखवाजाच्या संगतीला मिळणारा अवकाश आक्रसतो. परंतु एक बाब नजरेआड होता कामा नये. जाहिरातीच्या फलकावरच ‘ट्रिकसीन’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. चमत्कार नव्हे, युक्ती दाखवली जाणार आहे, असे प्रेक्षकाला आधीच सांगितले जाते, आणि युक्ती आहे हे ठाऊक असूनच प्रेक्षक येतो.

येथे कलावंत आणि भोंदू यांच्यातील भेद स्पष्ट होतो. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यामागील विचारसरणीचा रोख भयावर नसून भयाचा वापर करून केल्या जाणाऱ्या फसवणुकीवर आहे. भोंदू युक्ती लपवतो आणि भय विकतो; ट्रिकसीन युक्तीची जाहिरात करते आणि भयाचा खेळ करते. दोहोंत धूर एकच असला तरी करार भिन्न आहे.

४. नरकासुर : दरवर्षी नवा

चाहत्याच्या उत्साहाचे सर्वांत विशुद्ध रूप मात्र दशावताराच्या प्रेक्षकांत नसून दिवाळीच्या आदल्या रात्री दिसते. नरकचतुर्दशीच्या पहाटेपूर्वी गोव्यात तसेच सिंधुदुर्गातील कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांत तरुण आणि मुले नरकासुराच्या प्रतिमा उभारतात. बांबूचा वा लाकडाचा सांगाडा, पोटात गवत, वर कागद, त्यावर रंग आणि मुखवटा, असा हा राक्षस अनेक दिवस खपून घडवला जातो. वाडीवाडीत चढाओढ असते. डोळे किती मोठे, दात किती बाहेर, जीभ किती लांब, यांवर गंभीरपणे चर्चा झडतात. रात्रभर मिरवल्यावर पहाटे तो जाळला जातो. नंतर घरी अभ्यंगस्नान, तुळशीजवळ पायाच्या अंगठ्याने फोडलेले कारीट आणि पोहे. ते इवलेसे कडू कारीट म्हणजेही नरकासुरच. प्रत्येक घराच्या वाट्याला येणारा, अंगणात मावणारा राक्षस.

ऑरोराच्या संचाशी या प्रतिमेचे साम्य स्पष्ट आहे. दोन्हीकडे मुलाचा हात राक्षस घडवतो आणि घडवताना त्याचे भय निवळते. ज्याच्या पोटात आपणच गवत भरले, त्याला घाबरणे शक्य नसते. फरक शेवटात आहे. तेथील राक्षस फळीवर जाऊन बसला, पुढे संग्राह्य वस्तू झाला. येथील राक्षसाला ‘जुना’ होण्याची मुभाच नाही. त्याचे आयुष्य एका रात्रीचे असते. टिकते ते त्याला घडवण्याचे ज्ञान. थोरला भाऊ धाकट्याला बांबू कसा वाकवायचा ते दाखवतो, आणि पुढल्या वर्षी धाकटा ते स्वतः करतो. जळणे ही या परंपरेतील त्रुटी नव्हे, ती परंपरा चालू राहण्याची अट होय. राक्षस शिल्लक राहिला असता तर पुढच्या वर्षी तो घडवण्याची गरजच उरली नसती.

म्हणूनच गोव्याच्या बाजारपेठांत विकल्या जाणाऱ्या नरकासुराच्या तयार मुखवट्यांकडे केवळ सोय म्हणून पाहता येत नाही. तयार मुखवटा अधिक सुबक असतो, मिरवणुकीत उठून दिसतो. पण त्यासोबत घडवण्याची पायरी गळून पडते. कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिवर्धकांवर टीका होते व ती योग्यच आहे. त्या मानाने या शांतपणे घडणाऱ्या बदलाची दखल फारशी घेतली जात नाही.

५. जपणुकीचा पेच

याउलट सर्व काही अग्नीच्या स्वाधीन करून चालणार नाही, याची साक्ष कुडाळ तालुक्यातीलच पिंगुळी हे गाव देते. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा राखली आहे. रामायण-महाभारताच्या कथांतील राक्षस येथे चित्रात, लाकडात आणि चामड्यात अवतरतात. कळसूत्री बाहुलीला कीड लागली, चामडे कुजले, चित्रकथीच्या पोथ्या विखुरल्या, तर त्यांच्यासह एक संपूर्ण दृश्यभाषा नाहीशी होईल. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीत उभ्या राहिलेल्या संग्रहालयाचे मोल यासाठी मोठे आहे. तेथे बाहुली ठेवलेली असते आणि ती हलवून दाखवणारे हातही असतात. संग्रहालय आणि खेळ एकाच अंगणात असणे, हा या पेचावरील अनुकरणीय तोडगा होय.

याच परिसरातील आणखी एक उदाहरण या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही झी मराठी वाहिनीवरील मालिका २०१६ मध्ये सुरू झाली. तिचे चित्रीकरण कुडाळ-सावंतवाडी परिसरातील आकेरी येथील एका घरात झाले. मालिका अंधश्रद्धेस खतपाणी घालते आणि कोकणाची बदनामी करते, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. तो निराधार नव्हता, कारण वास्तवदर्शी चित्रीकरणाने युक्ती झाकली होती आणि भूमी खरीखुरी होती. फलकावर ‘ट्रिकसीन’ असे लिहिलेले नव्हते. परंतु पुढे प्रेक्षकांनीच या मालिकेचे रूपांतर घडवले. २०१९ मधील दुसऱ्या पर्वानंतर अण्णा नाईक आणि शेवंता ही पात्रे भयापेक्षा नकलांचा, विनोदाचा आणि जिव्हाळ्याचा विषय झाली. पर्यटक ते घर पाहायला येऊ लागले, दारात छायाचित्रे काढू लागले. भयाच्या वस्तूचे प्रेमाच्या वस्तूत रूपांतर करण्याची चाहत्याची शक्ती येथे प्रत्ययास येते. मात्र येथेही पेच तोच आहे. बाहेरून आलेल्या चाहत्याने ‘भुतांचे कोकण’ ही प्रतिमा न उघडलेल्या खोक्यासारखी घरी नेली, तर तिच्यातील माणसांशी, भाषेशी आणि विनोदाशी त्याचा परिचय होणार नाही. संकासुराच्या भयाची गंमत त्याच्या मालवणीत आहे. मालवणी वगळली तर उरतो केवळ काळा पोशाख.

निष्कर्ष

१. भयरंजनाचा आस्वाद भय आणि हास्य यांच्या समान बीजातून, म्हणजे विकृतीतून संभवतो. तो बालिश नसून रसविचाराशी सुसंगत आहे.

२. युक्ती उघड ठेवणारे भयरंजन आणि युक्ती लपवून भय विकणारी भोंदूगिरी यांत मूलभूत भेद आहे. भयरंजनाचे मूल्यमापन करताना ‘प्रेक्षकाशी केलेला करार पाळला गेला का?’ हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

३. चाहत्याचा उत्साह घडवण्यात जन्मतो आणि अनेकदा जपण्यात स्थिरावतो. दक्षिण कोकणात या दोहोंची वेगवेगळी रूपे नांदतात : नरकासुर घडवण्यासाठी जाळला जातो, पिंगुळीची बाहुली खेळवण्यासाठी जपली जाते.

४. लोककलांच्या जतनासाठी योजना आखताना केवळ वस्तूंची नोंद पुरेशी ठरणार नाही. मुखवटा काचेआड ठेवण्याबरोबरच तो घडवणाऱ्या हातांना शिष्य मिळतील, अशी व्यवस्था करणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांना दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात हे काम सहज हाती घेता येईल. त्यासाठी लागणारे बांबू, गवत आणि कागद आसपास उपलब्ध आहेत, आणि शिकवणारेही अद्याप वाडीवाडीत आहेत.