कथा पुढे गेली, प्रश्न मागे राहिले

कथावाचनाच्या तीन पायऱ्या मानता येतात. आकलनात कथेत काय घडले ते कळते, विश्लेषणात ते कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत सांगितले ते तपासले जाते, तर रसग्रहणात या सर्वांचा मनावर झालेला परिणाम कारणांसह मांडला जातो. मराठीच्या वर्गात आज पहिली पायरी बऱ्यापैकी पक्की आहे, दुसरी कच्ची आहे आणि तिसरी बहुधा कवितेसाठीच राखून ठेवली जाते.

याचे मूळ कथेच्या इतिहासात सापडते. हरिभाऊ आपटे यांनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून स्फुट गोष्ट घरोघर पोहोचली. पुढे ना. सी. फडके यांनी कथेचे तंत्र नेमके सांगितले: वेधक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि परिणामकारक शेवट. 1945 नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ही चौकट सैल केली. घटनेपेक्षा मनातली हालचाल, वातावरण आणि प्रतिमा यांना महत्त्व आले. जी. ए. कुलकर्णी यांनी प्रतीकांना अधिक खोली दिली, तर बाबुराव बागूल यांच्या 1963 मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाने कथेचा सामाजिक पायाच हलवला. कथा अशी बदलत गेली, पण तिच्यावरचे प्रश्न मात्र कथानक, स्वभावचित्रण आणि तात्पर्य यांच्याभोवतीच फिरत राहिले.

दहावीला 2018 पासून नवे पाठ्यपुस्तक आले आणि प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. पाठांतराऐवजी विचार करायला लावण्याचा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. आकृतिबंध पूर्ण करताना मुलांना उताऱ्यातच उत्तर शोधावे लागते, हा तिचा खरा लाभ आहे. मात्र त्यापुढच्या ‘स्वमत’ कृतीत मूल पुष्कळदा कथा सोडून देते आणि प्रामाणिकपणा, कष्ट, पर्यावरण अशा विषयांवर छोटा निबंध लिहिते. रसग्रहणाची कृती कवितेवर असल्यामुळे कथेची भाषा, निवेदन आणि रचना यांबद्दल बोलण्याची सवय लागत नाही. बारावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात ‘कथा’ या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ शेजारीशेजारी आहेत. शहरी आणि ग्रामीण निवेदनाची तुलना करण्याची ही चांगली संधी आहे. तयार उत्तरांची मार्गदर्शके हाती घेतली की ती वाया जाते.

इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या गावातला वाचक या बाबतीत काही शिदोरी घेऊनच येतो. वालचंदनगरचा साखर उद्योग, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी, ऊसतोडीचा हंगाम आणि बाजारातला भाव हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले विषय असतात. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मध्ये भाव कोसळल्यावर शेतकरी भर बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायांनी तुडवतो. या प्रसंगातली आग अशा वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’तली बोलीही त्याच्या कानाला परकी वाटत नाही. शहरी वाचकाला तळटीप लागते, तिथे इथल्या मुलाला आजीचा आवाज ऐकू येतो.

या ओळखीतच एक धोकाही आहे. प्रसंग परिचयाचा असला की वाचक आपला अनुभव सांगू लागतो आणि कथा मागे पडते. ‘शेतकऱ्याचे हाल होतात’ हे विधान खरे असले तरी ते ‘लाल चिखल’चे विश्लेषण ठरत नाही. ही हकिकत शाळकरी मुलाच्या नजरेतून का येते, बापाचा संताप मुलाने पाहिल्यामुळे त्याला कोणती धार चढते, चिखलाला ‘लाल’ म्हटल्यावर टोमॅटोखेरीज आणखी काय सुचते, हे प्रश्न विचारले की विश्लेषण सुरू होते. बागूलांच्या शीर्षककथेत जात लपवून राहणारा रेल्वे कामगार स्वतःच बोलतो. भोवतालच्या माणसांना जे ठाऊक नाही, ते वाचकाला आधीपासून ठाऊक असते आणि सारा ताण त्यातून येतो. हीच घटना शेजाऱ्याने सांगितली असती तर हा ताण उरला नसता. निवेदक बदलून पाहण्याचा हा सराव कोणत्याही वर्गात विनाखर्च करता येतो.

महाराष्ट्रात कथा कानांनी ऐकण्याची परंपराही सशक्त आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांच्या कथाकथनाने गावोगावच्या श्रोत्यांना बोलीतल्या लयीची गोडी लावली. मोठ्याने वाचलेल्या संवादातून पात्राचा भाव लगेच कळतो, म्हणून वर्गातले प्रकट वाचन टिकले पाहिजे. कथाकथन पुढे पुढे जाते. विश्लेषणाला मात्र मागे वळावे लागते. म्हणूनच प्रकट वाचनाला मूक पुनर्वाचनाची जोड लागते.

समीक्षेची साधने मराठीत कमी नाहीत. गाडगीळांचे ‘खडक आणि पाणी’, इंदुमती शेवडे यांचा ‘मराठी कथा: उद्गम आणि विकास’ आणि सुधा जोशी यांचे ‘कथा: संकल्पना आणि समीक्षा’ हे ग्रंथ शिक्षकांना भक्कम आधार देतात. मात्र महाविद्यालयीन अभ्यासापुरते राहिलेले हे विचार शाळेपर्यंत फारसे उतरलेले नाहीत.

ते उतरवायचे तर सरावाचा एक साधा क्रम पुरेसा आहे. पहिल्या वाचनात कथा सलग वाचावी. दुसऱ्यात निवेदक, काळाचा क्रम आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द यांवर खुणा कराव्यात. तिसऱ्यात शेवटाकडून सुरुवातीकडे पाहावे आणि मगच मत लिहावे. प्रत्येक मताखाली कथेतली एखादी जागा दाखवता आली पाहिजे. ती दाखवता येत नसेल, तर ते मत कितीही सुंदर असले तरी त्या कथेबद्दलचे नव्हे.