बोटभर टिकी आणि देवघरातला टाक

तत्त्वज्ञानाच्या माणसानं टेबलावर लाकडाच्या बाहुल्या कशाला मांडल्या, असं दारातच दोघा-तिघांनी विचारलं. या आठ टिकी इथल्याच, अमडापूरच्या, आमच्या शेजारच्या मुलानं कोरल्या आहेत. मोबाइलवर बघून शिकला. त्याला विचारूनच बोलतो आहोत, तो मागे बसलाय.

टिकी ही पॉलिनेशियातली मानवाकृती. माओरी कथांमध्ये टिकी म्हणजे पहिला माणूस, मार्केसस बेटांवर देवपण मिळालेला पूर्वज. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’सारखे बार निघाले, आणि पूर्वज दारूच्या पेल्यावर जाऊन बसला. दात विचकणारा, भीतीदायक चेहरा बराचसा तिथून पसरला. आमच्या या मुलाच्या आठपैकी सहा टिकी तसल्याच आहेत.

हात चांगला आहे त्याचा, हे आधी सांगून टाकतो. चूक दोन ठिकाणी आहे. पहिली प्रमाणाची. त्यानं माणूस मोजून लहान केलाय. मार्केससची टिकी पाहा: डोकं जवळजवळ एक तृतीयांश, डोळे भलेमोठे, हात पोटावर, गुडघे वाकलेले. डोक्यात शक्ती राहते अशी तिथली समजूत, म्हणून डोकं मोठं. पण हाडाच्या नळीवर अंगठ्याएवढी टिकी कोरायची झाली तर हेच प्रमाण हत्यारालाही सोयीचं पडतं. आहे की नाही गंमत?

दुसरी चूक साहित्याची. माओरींची गळ्यातली हेई-टिकी हिरव्या दगडाची. लोखंड हाती नसताना वाळूच्या दगडानं, पाण्यानं घासत घासत केलेली. तिची गोलाई घासण्यातून आली. ती गोलाई आमचा गडी कडुनिंबाच्या लाकडात चाकूनं काढायला गेला, मग पॉलिश पेपर मारत बसला. चेहरे साबणाच्या वडीसारखे झाले. लाकडाला सपाट काप शोभतो. आधी करवतीनं आडव्या खाचा देऊन हनुवटी, छाती, गुडघा एवढे ठोकळे वेगळे करायचे, मग त्या खाचेपर्यंतच चाकू उतरवायचा. तरी याची नाकं तुटत. आठात पाच.

तो म्हणाला, आबा, नाकाचं काय करू? आम्हाला उत्तर येईना. तेव्हा देवघरातून टाक काढून दाखवले.

आपल्याकडे खंडोबा, देवी यांच्यासोबत घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक असतो. चांदीच्या पत्र्याचा, ठशावर ठोकून मागून उठवलेला, बोटभर. आमचे दादा तरणेपणी गेले. आईनं त्यांचा टाक करून आणला तेव्हा आम्ही नुकतेच डॉक्टरेट होऊन आलो होतो. पत्र्यात माणूस राहतो का, असं तिला तोंडावर विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. रोज राखेनं, चिंचेनं घासत राहिली.

मुलानं टाक हातात घेतला. “आबा, याचं नाक कुठी गेलं?”

चाळीस वर्षांत आम्ही हे पाहिलंच नव्हतं. नाक सगळ्यांत वर, म्हणून बोट पहिलं तिथं लागतं, आणि तेच पहिलं झिजतं. डोळे खोल, ते अजून शाबूत आहेत. पोरगा टाक आणि टिकीचा फोटो शेजारी धरून बराच वेळ बसला. टिकीचं नाक रुंद आणि चपटं असतं, ते त्याला तेव्हा दिसलं. रोज हाताळायच्या वस्तूला उभं नाक परवडत नाही.

ही नववी त्यानंतरची. नाक रुंद, लाकडाची रेषा उभी धरलेली, पॉलिश पेपर नाही, चाकूचे काप तसेच ठेवलेत. पाय अजून कच्चे आहेत, वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा भार आलेला नाही. पण ही उभी आहे, बाकीच्या नुसत्या ठेवल्यात.

परवा विचारत होता, आबा, तुमच्या दादांची करू का? आम्ही म्हटलं, कर. दात नको काढू.