चुन्याखालचा अंतिम न्याय

एका वर्षी ईस्टर सणानंतरचे काही आठवडे आम्ही इंग्लंडमधील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून सेवा करीत होतो. जवळच्या विद्यापीठातील कॅथलिक विद्यार्थ्यांची एक दिवसाची सहल त्या सुमारास शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला निघाली आणि तिच्यासोबत जाण्याचा योग आम्हांस आला. सतरा विद्यार्थी होते, त्यांत तिघे आपल्या वसईकडचे. बहुतेकांना ‘हॅम्लेट’ अभ्यासाला होते. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. परंतु सेमिनरीत असल्यापासून अनेकदा वाचलेले हे नाटक त्या दिवसानंतर आम्हांस निराळे वाचता येऊ लागले, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

सहलीचा कार्यक्रम कोणी आखला होता, ते विचारण्याचे आम्ही टाळले. हेन्ली स्ट्रीटवरील जन्मघराला दोन तास, दुकानांना एक तास, आणि गिल्ड चॅपेलला दहा मिनिटे! ते जन्मघर १८४७ मध्ये तीन हजार पौंडांना लोकांसाठी विकत घेण्यात आले. तेथे हातमोजे करणाऱ्या जॉन शेक्सपिअरचा संसार मांडून दाखवितात. एका जुन्या खिडकीच्या काचांवर पाहुण्यांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत. त्यांत वॉल्टर स्कॉट आणि कार्लाइल यांचीही आहेत. वसईच्या किल्ल्यात कोळशाने नावे लिहिणाऱ्या आपल्या मुलांना यापुढे किती रागे भरावे, हा प्रश्न आम्हांस तेथे पडला.

पुढे न्यू प्लेस. हे मोठे घर शेक्सपिअरने १५९७ मध्ये विकत घेतले आणि तेथेच त्याचे अखेरचे दिवस गेले. आज तेथे घर नाही, बाग आहे. १७५९ मध्ये त्या जागेच्या मालकाने ते पाडून टाकले, आणि त्याआधी अंगणातले तुतीचे झाडही तोडले होते. पाहुण्यांचा त्याला वीट आला होता. हा मालक रेव्हरंड फ्रान्सिस गॅस्ट्रेल म्हणजे अँग्लिकन पंथाचा धर्मगुरू होता. आमच्या विद्यार्थ्यांना ही हकीकत फार आवडली, आणि दिवसभर ते आमच्याकडे पाहून हसत होते.

दहा मिनिटांचे ते गिल्ड चॅपेल मात्र न्यू प्लेसच्या समोरच आहे. पवित्र क्रुसाच्या बंधुसंघाचे हे प्रार्थनामंदिर. संघाचे धर्मगुरू मृत सभासदांच्या आत्म्यांसाठी येथे मिस्साबलिदान अर्पण करीत, आणि वर्गणी भरून मृत आप्ताचे नावही सभासदांत घालता येत असे. १५४७ मध्ये हा संघ राजाज्ञेने बंद झाला. वेदीपुढील कमानीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र होते: वर प्रभू ख्रिस्त, खाली थडग्यांतून उठणारी माणसे, एका बाजूस स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूस नरकाचा जबडा. १५६३-६४ च्या सुमारास ही चित्रे चुन्याने झाकण्यात आली. चॅपेलमधील प्रतिमा विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग दिल्याची नोंद नगराच्या हिशेबात आहे, आणि ते हिशेब पाहणारा अधिकारी होता जॉन शेक्सपिअर. १५६४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या मुलाचा, विल्यमचा, बाप्तिस्मा झाला. हा मुलगा ज्या शाळेत शिकला असे मानतात, ती त्या चॅपेलला लागूनच आहे. १८०४ मध्ये चुन्याखालची चित्रे पुन्हा सापडली. कमानीवरील चित्र आज पुसट का होईना, दिसते.

येथे उभे राहिल्यावर आपल्यापैकी अनेकांना एक मोह होतो. शेक्सपिअर आतून आपलाच होता, असे म्हणण्याचा. जन्मघराच्या छपरात १७५७ मध्ये एक हस्तलिखित सापडले होते. कॅथलिक श्रद्धेने मरण पत्करण्याची ती प्रतिज्ञा ‘जे. शेक्सपिअर’ या नावाने होती. ते बापाचे मृत्युपत्र, असे आम्हीही सेमिनरीत मोठ्या अभिमानाने सांगत असू. परंतु मॅथ्यू स्टेगल या अभ्यासकाने २०२४ मध्ये दाखवून दिले आहे की, ज्या इटालियन पुस्तिकेवरून तो मजकूर घेतला, ती जॉनच्या मृत्यूनंतरची, म्हणजे १६०१ नंतरची आहे. त्यांच्या मते तो कागद शेक्सपिअरची बहीण जोन हिचा असावा. ती १६४६ पर्यंत त्याच घरात राहत होती. हे खरे असेल, तर कवीचा धर्म आपल्या हाती लागत नाही, परंतु मागच्या खोलीत राहणाऱ्या एका विधवेची श्रद्धा लागते. आम्हांस हा सौदा वाईट वाटत नाही.

चॅपेलच्या दारात आमच्या वसईच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “फादर, हॅम्लेट आपल्या बापासाठी मिस्सा का ठेवीत नाही?”

सगळे हसले, आम्हांस हसू आले नाही. नाटकातील पित्याचे भूत जे सांगते, ते शुद्धिस्थानाचेच वर्णन आहे. ठरावीक मुदतीपर्यंत त्याला रात्री भटकायचे आहे आणि दिवसा पापे जळून जाईपर्यंत आगीत राहायचे आहे. आपणास पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि अंतिम अभ्यंग यांवाचून मरण आले, हे त्याचे खरे दुःख आहे. आणि पुत्र कोठला? विटेनबर्गच्या विद्यापीठाचा, जेथे लूथरने १५१७ मध्ये आपली प्रमेये मांडली, तेथला. इंग्लंडच्या चर्चनेही आपल्या एकोणचाळीस कलमांत शुद्धिस्थानाची शिकवण टाकून दिली होती. स्टीफन ग्रीनब्लाट यांनी २००१ मध्ये या विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. परंतु आमचे मन अडते ते पुढच्या पायरीवर. शुद्धिस्थानातील आत्मा प्रार्थना मागतो. हे भूत सूड मागते. अनेक टीकाकारांनी यावरून ते भूत सैतानी ठरविले. आम्हांस ते तसे वाटत नाही. मृतांच्या यातना लोकांच्या आठवणीत शिल्लक होत्या आणि त्यांवरचा उपाय मात्र कायद्याने काढून घेतला होता. बापासाठी काहीतरी करावे, ही ओढ अशा पुत्राच्या हातांत कोणत्या वाटेने उतरणार? मिस्साची वाट बंद झाली, तेव्हा तलवारीची उरली, आणि तीही चालविताना तो अडखळत राहिला. त्याच्या दिरंगाईची मानसशास्त्रीय कारणे पुष्कळांनी दिली आहेत. हे एक कारणही त्यांच्या शेजारी ठेवण्यास हरकत नसावी.

मराठी प्रेक्षकाला याचे फार स्पष्टीकरण कधी लागले नसेल. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि गणपतराव जोशांनी ती भूमिका गाजविली. समोर बसलेल्यांच्या घरी पितृपक्ष पाळला जात होता. गेलेल्यांचे जिवंतांकडे काही देणे राहते, हे त्यांना ठाऊक होते. दोन नोव्हेंबरला स्मशानभूमीत मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या लोकांनाही ते ठाऊक आहे.

याच नाटकात आम्हां धर्मगुरूंच्या वाट्याला एक प्रसंग आला आहे, आणि तो वाचताना मान खाली जाते. ऑफिलियाच्या दफनाचा. तिच्या मृत्यूबद्दल शंका आहे, वरून हुकूम आला नसता तर तिला अपवित्र जमिनीत पुरले असते, असे तो धर्मगुरू सांगतो आणि मृतांचे गायन नाकारतो. आणखी विधी कोणता, असे भाऊ लेअर्टीज दोनदा विचारतो. अखेर तो म्हणतो की, माझी बहीण देवदूत होईल आणि हा धर्मगुरू नरकात ओरडत पडेल. वस्तुतः फांदी मोडून ती पाण्यात पडली, असे राणीने आधी सांगितले आहे. ज्या बाबतीत शंका होती, तेथे धर्मगुरूने शंकेचा लाभ मृत मुलीला दिला नाही. १९१७ च्या कॅनन लॉच्या संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारण्याचा नियम होता; १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. नियम गेला, तरी कुजबूज जात नाही. अशा घरी अंत्यविधीसाठी जाताना, लोक काय म्हणतील याचा विचार आमच्याही मनात एके काळी आलेला आहे. लेअर्टीजचा शाप आम्ही तेव्हापासून दुसऱ्या कोणाला लावीत नाही.

संध्याकाळी होली ट्रिनिटी चर्चमध्ये गेलो. बाप्तिस्म्याचे जुने फुटके कुंड तेथे आहे, आणि वेदीजवळच्या फरशीखाली कवीची कबर. मृत्यू २३ एप्रिल १६१६. त्याच वर्षी इकडे राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हाही इंग्लंडचाच. तो १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याच वर्षी स्ट्रॅटफर्डच्या शाळेत जॉन कॉटम हा शिक्षक आला, आणि त्याचा भाऊ थॉमस हा धर्मगुरू १५८२ मध्ये लंडनला श्रद्धेसाठी फाशी गेला. मायदेशी राहते, तर फादर स्टीफन्सना काय भोगावे लागले असते, ते यावरून कळते. ते इकडे आले आणि त्यांनी मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. त्यांचे नाव त्या सतरांपैकी चौदांना ठाऊक नव्हते. वसईच्या तिघांनी मात्र ते अशा काही थाटात सांगितले, की फादर स्टीफन्स जणू त्यांच्याच आळीतले असावेत.

परत निघताना त्याच विद्यार्थिनीने एक पाकीट आमच्या हाती दिले. ज्याच्या श्रद्धेची खात्री नाही, त्याच्यासाठी मिस्सा ठेवता येते का, असे तिने विचारले. आम्ही येते म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या मिस्सात आम्ही मृतांच्या यादीत ‘विल्यम’ हे नाव वाचले. मिस्सा झाल्यावर दोन वृद्ध बाया मागे थांबल्या. हा विल्यम कोणाच्या घरचा आणि त्याचे दफन केव्हा, असे त्या चौकशी करीत होत्या.