एकट्याच्या नकाराची किंमत

सिडनी ल्युमेट (१९२४–२०११) या अमेरिकन दिग्दर्शकाचे नाव ‘सामाजिक जाणिवेचा’ या विशेषणाशिवाय क्वचितच घेतले जाते. या गौरवात एक आक्षेपही दडलेला असतो. ल्युमेटच्या चित्रपटात एक भला माणूस ठाम उभा राहतो, न्याय होतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो, असा तो आक्षेप. ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) एवढाच पाहिला तर तो पटतोही. पण त्याच्या शेजारी ‘सर्पिको’ (१९७३) आणि ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ (१९८१) ठेवले की वेगळेच काही दिसते. एकट्याने नकार देण्याची किंमत या तीन चित्रपटांत वाढत जाते, असे माझे मत आहे.

‘१२ अँग्री मेन’ची कथा आपल्याकडे बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे (१९८६) परिचयाची आहे. गरीब वस्तीतल्या मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप असतो आणि ज्युरींची मते अकरा विरुद्ध एक अशी पडतात. मुलगा निर्दोष आहे असे चित्रपट कुठेही सांगत नाही. हेन्री फोंडाचा आठवा ज्युरर फक्त शंका मांडतो. कॅमेरा आधी डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मग त्या पातळीवर येतो आणि शेवटी तिच्याही खाली जातो. लांब पल्ल्याच्या भिंगांमुळे भिंती जवळ सरकतात, छत डोक्यावर येते. वादाचा दाब आपल्याला असा जाणवतो. मात्र ज्याच्या जिवाचा हा प्रश्न, त्या मुलाचा चेहरा सुरुवातीला एकदाच दिसतो आणि तो एक शब्दही बोलत नाही. ही या चित्रपटाची मर्यादा मला महत्त्वाची वाटते. इथे नकाराची किंमत म्हणजे उकाड्यातले काही तास.

‘सर्पिको’त ती रक्ताने मोजली जाते. न्यूयॉर्क पोलिसांतील फ्रँक सर्पिकोने लाचेचा वाटा नाकारला. १९७१ साली ब्रुकलिनमधील एका छाप्यात त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली. ल्युमेट जखमी सर्पिकोपासूनच सुरुवात करतो. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता मागे पडते आणि हा माणूस एकटा कसा पडत गेला, इकडे लक्ष जाते. सहकारी टाळतात, वरिष्ठ चालढकल करतात. तो नॅप आयोगापुढे साक्ष देतो, पण शेवटी त्याच्या सोबतीला उरतो एक कुत्रा.

‘प्रिन्स ऑफ द सिटी’मध्ये भलेपणाचा आधारही उरत नाही. डॅनी सिएलो स्वतःच बरबटलेला आहे. पोलिसांतला भ्रष्टाचार उघड करायला तो तयार होतो, पण जिवलग सहकाऱ्यांना धक्का लागू देणार नाही या अटीवर. सरकारी वकील त्याच्याकडून एकेक कबुली काढत जातात आणि अट कधी मोडली ते त्यालाही कळत नाही. अखेरीस तो नव्या पोलिसांना शिकवायला उभा राहतो, तेव्हा त्याचे नाव कळताच एक जण वर्गातून उठून जातो.

म्हणून ल्युमेटला दिलासा देणारा दिग्दर्शक म्हणणे मला पटत नाही. नकार देणाऱ्याची व्यवस्थेला गरज असते आणि ती त्याला वापरूनही घेते. त्याचा सांभाळ मात्र करत नाही. ही थकबाकी ल्युमेटने आपल्यापुढे ठेवली, आणि ती फेडल्याचा देखावा केला नाही.